स्कॅनर एका झटक्यात वाचत नाही, माझं कुठे चुकतंय?

नवखा_स्टोअर:
नमस्कार. गोदामात लागून तीन आठवडे झाले, हातात धरायचा लाल लेझरवाला स्कॅनर दिलाय. चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटांवर चार-पाचदा ट्रिगर दाबल्याशिवाय बीप येत नाही आणि मधेच एकच वस्तू दोनदा चढते, मग मोजणीत फरक. मी तर अगदी जवळ नेऊन सरळ समोर धरतो. संध्याकाळी मनगट भरून येतं ते वेगळंच.

गोदाम_काका:
सरळ समोर धरताय तिथेच गडबड आहे. चकचकीत प्लास्टिकवरून उजेड आरशासारखा परत स्कॅनरच्याच डोळ्यात येतो, मग बारकोडच्या काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या जागा त्याला वेगळ्या दिसतच नाहीत. १०-१५ अंश तिरका धरून बघा. आणि लाल रेघ सगळ्या पट्ट्यांवरून आरपार जाऊन दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेत थोडी बाहेर आली पाहिजे, कोड कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे स्कॅनरला त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. बारीक कोडला जवळ, खोक्यावरच्या मोठ्या कोडला मागे सरका. जवळ नेलं की रेघ आखूड होते, मोठा कोड तिच्यात मावतच नाही. काचही पुसा हो, मऊ कापडाने, बऱ्याचदा दोष धुळीचाच असतो.

बीप_बीप:
दोनदा चढतं ते बीप झाल्यावरही ट्रिगर दाबून ठेवल्यामुळे असेल. बीप झाला की बोट सोडायचं, स्क्रीनवर एक नजर, मग पुढची वस्तू. तोच कोड लगेच परत घेऊ नये म्हणून बऱ्याच स्कॅनरमध्ये सेटिंग असतं, साहेबांना विचारा. अजून एक, खोक्यांवर १४ आकडी आयटीएफ कोड (बारकोडचाच एक प्रकार) असेल तर रेघ तिरपी जाऊन अर्धाच कोड वाचला तरी बीप येऊ शकतो, आमच्याकडे असा चुकीचा आकडा दोन दिवस कुणाच्या लक्षातच आला नव्हता! स्कॅनरच्या सेटिंगमध्ये या कोडची लांबी १४ आकड्यांवर फिक्स करून घ्या. दुकानातल्या मालावरच्या १३ आकडी कोडला हा त्रास नाही, त्याची लांबी ठरलेलीच असते.

नवखा_स्टोअर:
तिरका धरला आणि पाकिटं पहिल्याच दाबात यायला लागली, खूप आभार काका! बाटल्या मात्र अजून त्रास देतायत.

गोदाम_काका:
बाटलीवर पट्ट्या उभ्या असतील तर कडेच्या पट्ट्या गोलाईवर मागे वळतात. थोडं लांबून, कोडच्या मध्यावर रेघ धरा. लेबल तुमच्याकडेच छापत असतील तर कोड आडवा फिरवून लावायला सांगा, शिडीच्या पायऱ्यांसारखा, मग गोलाई आडवी येत नाही. मनगटासाठी, हात वाकवून कोड शोधू नका, दुसऱ्या हाताने वस्तू फिरवा, स्कॅनरचं मनगट सरळच राहू द्या. आणि तो लेझर कुणाच्या डोळ्यावर मारायचा नाही, गमतीतसुद्धा.