रॅपचे बोल: गाणं बाहेर काढण्याआधी नक्की कोणाला विचारायचं? (नाशिक)

सातपूर_चौथी_गल्ली विचारतो:

मराठी-अहिराणी मिश्र रॅप तयार आहे, साडेतीन मिनिटांचं, ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके). आधी यूट्यूब आणि स्ट्रीमिंग ॲपवर टाकायचं, मग लोकल केबलवर व्हिडिओ, पुढे गणपतीत मंडळाच्या स्टेजवर लाइव्ह. मिरवणुकीत डीजेवाले वाजवतील ते वेगळंच. बोलांत तीन जागा अडखळतात.

एक, हे कडवं: «खड्ड्यात रस्ता की रस्त्यात खड्डा, भाऊंच्या घरी टक्क्यांचा अड्डा». 'भाऊ' कोण ते गाण्यात नाही, पण व्हिडिओत मागे प्रभाग क्रमांकाची पाटी दिसते. दोन, हुकमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीत, आईवरून शिवी, दोनदा. तीन, शेवटच्या कडव्यात एक गावगुंड दुसऱ्याला जातीचं नाव घेऊन हिणवतो. गाणं त्याच्या विरोधातच आहे, पण शब्द तोच आहे.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात, 'शिवी काढा, बाकी सगळं चालतं.' एक जण म्हणतो सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, दुसरा म्हणतो भाषणस्वातंत्र्य आहे, काहीच लागत नाही. खरं काय?

---

सीबीएस_समोर यांचं उत्तर:

तिघांचंही थोडं थोडं चुकतंय. सेक्रेटरींचं सगळ्यात जास्त, कारण तुमच्या तीन जागांपैकी शिवी ही सगळ्यात कमी धोक्याची आहे.

नुसतं गाणं इंटरनेटवर टाकायला आधी कोणाचीही परवानगी लागत नाही. सेन्सॉर बोर्डाचा कायदा १९५२ चा, सिनेमाचा. चित्रपट प्रदर्शनाआधी तपासणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने के. ए. अब्बास प्रकरणात १९७० मध्ये सांगितलं. ते गाण्याच्या ऑडिओला लागू नाही. केबल मात्र वेगळी. केबल टेलिव्हिजन नियम १९९४ मधल्या नियम ६ प्रमाणे म्युझिक व्हिडिओ आणि अल्बमलासुद्धा बोर्डाचं प्रमाणपत्र हवं, आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा व्हिडिओ केबलवर चालत नाही. बरेच लोकल चॅनलवाले विचारत नाहीत म्हणून ते लागत नाही असं नाही. तक्रार झाली की चॅनलवाला 'पार्टीने दिलं, आम्ही लावलं' म्हणून बाजूला होतो. अर्ज बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून, आपल्यासाठी मुंबईचं प्रादेशिक कार्यालय. अहिराणी ओळींचा अर्थ सोबत लिहून द्या, नाहीतर तिथेच घोळ होतो.

घटनेतलं कलम १९(१)(अ) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावर आठ कारणांनी वाजवी बंधनं घालू देतं: देशाची अखंडता, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'कोणालातरी आवडलं नाही' हे या यादीत नाही. बंधन घालायचं तर ते या आठांपैकी एकात बसवावं लागतं.

आता तुमच्या ओळी. शिवीला दोन कलमं लागू शकतात. इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६७: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जामीनपात्र आहे, आणि तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हणून इतरांना उपद्रव दिल्यास भारतीय न्याय संहिता कलम २९६, म्हणजे जुनं २९४: तीन महिने किंवा हजार रुपये. मोबाईलवर ऐकलेलं गाणं या २९६ मध्ये बसवायचं तर 'सार्वजनिक जागा' ओढूनताणून आणावी लागते. चौकात माइकवर म्हटलं की ती आपसूक येते.

पण शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: असभ्य भाषा किळसवाणी वाटू शकते, पण ती वासना चाळवत नसेल तर कलम ६७ लागत नाही. त्याआधी २०१४ च्या अवीक सरकार निकालात अश्लीलता ठरवायची व्हिक्टोरियन काळातली 'हिकलिन' कसोटी सोडून आजच्या समाजाचे मापदंड घेतले गेले. एकच शब्द उचलायचा नाही, आख्खी कृती बघायची.

'भाऊ' जास्त अवघड. नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. ऐकणाऱ्याला माणूस ओळखता येतो का, एवढंच बघतात. टोपणनाव अधिक प्रभागाची पाटी म्हणजे पत्ताच दिला तुम्ही. न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ अदखलपात्र आहे, त्यामुळे ठाण्यात थेट एफआयआर होत नाही, समोरच्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामावर प्रामाणिक मत आणि लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हे अपवाद आहेत. पण 'टक्क्यांचा अड्डा' हे मत नाही, ते तथ्याचं विधान आहे. कागद असतील तर ठेवा. नसतील तर पाटी व्हिडिओतून काढा आणि 'भाऊ'चं अनेकवचन करा. टोमणा जिवंत राहतो, माणूस निसटतो.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक. तो शब्द अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चं कलम ३(१) येतं: लोकांसमोर जातीवाचक अपमान, किंवा शब्दांनी द्वेष पसरवणं. कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन जवळजवळ बंद, आणि २०१८ च्या १८अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हेतू विरोधाचा होता हा बचाव तुमच्याकडे आहे, पण तो नंतर ऐकला जातो. पात्राच्या तोंडून तो शब्द न येताही कडवं उभं राहतं का ते बघा. माझं मत: राहतं. हिणवणारा आवाज अर्धवट तोडा, ऐकणारा रिकामी जागा स्वतः भरतो.

धर्म किंवा समाजगटांत वैर म्हणून न्याय संहितेचं कलम १९६ किंवा २९९ लावलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरचा एफआयआर रद्द केला. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा, बोलण्या-लिहिण्यातून उद्भवणारा गुन्हा असेल, तर नागरिक सुरक्षा संहिता (पोलीस-कोर्टाच्या कार्यपद्धतीचा कायदा) १७३(३) खाली वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं तिथे म्हटलंय. शब्दांचा परिणाम कणखर माणसाच्या नजरेने बघायचा, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या नव्हे. ठाण्यातून फोन आला तर या निकालाची प्रत वकिलाच्या हातात असू द्या. त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली तर न चुकता हजर राहा. टाळलं की अटकेचं कारण तुम्हीच पुरवता.

---

फेडर_खाली लिहितो:

कायदा वर आला, मी फाइलचं सांगतो. डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं ॲप-स्टोअरवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये तीन पर्याय असतात: एक्स्प्लिसिट (शिवी वगैरे असलेलं), क्लीन (ती काढलेलं), आणि दोन्ही नाही. शिवी ठेवली तर 'एक्स्प्लिसिट'वर टिक करा. न केल्यास स्टोअर गाणं परत पाठवतं किंवा नंतर उतरवतं, आणि तोवर रिलीजची तारीख हुकलेली असते. क्लीन व्हर्जनला वेगळा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक लागतो. जुनाच वापरला तर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात.

क्लीन करताना सगळ्यांची एकच चूक होते: फक्त मुख्य आवाजाचा ट्रॅक म्यूट करतात. डबल (तोच आवाज दुसऱ्यांदा), ॲडलिब (मागून टाकलेले शब्द) आणि हुकमागचा कोरस तसाच राहतो आणि शिवी मागून ऐकू येते. दुसरं, डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट. ९० बीपीएमला एक ठोका ०.६७ सेकंदाचा. क्वार्टर नोटचा (एका ठोक्याचा) डिले लावला असेल तर म्यूट केलेल्या जागेनंतर पाऊण सेकंदाच्या आत शिवीचा प्रतिध्वनी येतो. म्हणून म्यूट इफेक्टच्या आधी, कोऱ्या ट्रॅकवर करा आणि मग पुन्हा बाउन्स मारा, म्हणजे अंतिम फाइल काढा. दोन अक्षरी शब्द एका एट्थ नोटमध्ये (अर्ध्या ठोक्यात) बसतो, म्हणजे साधारण ०.३३ सेकंद. पहिलं व्यंजन ठेवून फक्त स्वर कापला की ताल तुटत नाही. बीप नका टाकू, तो शिवीपेक्षा जास्त लक्ष वेधतो.

बोल पडद्यावर गाण्याच्या तालात दाखवणारी वेळ-फाइल वेगळी जाते, तिथेही शब्द बदला. ऑडिओ क्लीन आणि पडद्यावर शिवी, हा विनोद दर आठवड्याला बघायला मिळतो. यूट्यूबवर शीर्षकात किंवा थंबनेलवर शिवी असेल तर जाहिराती मर्यादित होतात, मग आत गाणं कितीही सोज्वळ असो.

---

विंगेतून यांचं उत्तर:

स्टेजचं गणित निराळं आहे. महाराष्ट्रात नाटक, तमाशा, लोकनाट्य यांची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी पाठवावी लागते, आणि संहितेतली गाणीही त्यात येतात. याला २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. कालिदास कलामंदिरात नाटकाचा प्रयोग म्हणून तारीख घेतली तर हे प्रमाणपत्र मागतील. नुसती रॅपची मैफल असेल तर अर्जात 'प्रयोग' लिहू नका, 'गाण्यांचा कार्यक्रम' लिहा. या एका शब्दाने फाइल दुसऱ्या टेबलावर जाते.

गणपतीच्या दिवसांत पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश असतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ कलम ३७ खाली. लोक तो शस्त्रबंदीचा आणि जमावबंदीचा म्हणून वाचतात, पण कलम ३७(१) मध्ये जाहीर घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्य वाजवणं हेही आहे. पोटकलम (३) ची जमावबंदी सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुढे चालत नाही. आदेश पेपरात येतो तेव्हा मंडळाच्या कोणीतरी शेवटपर्यंत वाचावा. तो मोडल्याची कारवाई कलम १३५ खाली, आणि ती गाण्याच्या अर्थावर अवलंबून नसते. सोज्वळ आरतीवरही होऊ शकते.

आवाज तिसरा विषय. ध्वनी नियम २०००: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सहा स्पीकर बंद, सरकारने जाहीर केलेल्या वर्षातल्या पंधरा दिवसांपुरतं बारापर्यंत. आक्षेपार्ह बोलांचं प्रकरण म्हणून जे चर्चेत येतं, त्यातलं बरंचसं कागदावर आवाजाचं असतं. आवाज मीटर लावून मोजता येतो, अर्थ मोजता येत नाही.

---

गोदाकाठ लिहितो:

एफएम राहिलं. खाजगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रम संहिता परवान्याच्या करारानेच लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने दारू, ड्रग्ज, हत्यारं आणि गुंडगिरीचं कौतुक करणारी गाणी लावू नका अशी सूचना एफएमना दिली. व्यक्तीवर किंवा पक्षावर नाव घेऊन हल्लाही त्या संहितेत बसत नाही, म्हणजे 'भाऊ' कोण ते ओळखू येत असेल तर तिथे ते वाजणं कठीणच.

गाण्याच्या बोलांवर सगळ्यात मोठी शिक्षा कुठे झाली विचाराल तर लांब जायला नको. १९०९ मध्ये कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल भगूरच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. लिहिणारे गोविंद नाशिकचेच, शिक्षा मात्र छापणाऱ्याला. शंभर वर्षांनी उलटं घडलं: गांधींवरच्या वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या मराठी कवितेचा खटला १९९४ च्या छपाईवरून चालला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी छापणाऱ्या संपादकाला सोडलं आणि कवीवरचा खटला चालू राहू दिला. चॅनल ज्याच्या नावावर आहे त्याने आणि लिहिणाऱ्याने, दोघांनीही हे वाचावं.

तो 'एक्स्प्लिसिट'चा शिक्का अमेरिकेतून आला. १९८५ मध्ये काही राजकारण्यांच्या पत्नींनी मोहीम काढली, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि कंपन्यांनी स्वतःहून लेबल स्वीकारलं, कायदा न करता. तिथे १९९० मध्ये टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा एक अल्बम न्यायालयाने अश्लील ठरवला आणि १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यांच्याकडे आपल्या १९(२) सारखी लेखी यादी नाही, त्यामुळे तिथला युक्तिवाद इथे जसाच्या तसा चिकटवू नका.

---

सातपूर_चौथी_गल्ली:

पाटी ब्लर नाही, शॉटच काढला. कडवं आता असं: «खड्ड्यात रस्ता की रस्त्यात खड्डा, घरोघरी भाऊ न् टक्क्यांचा अड्डा». जातीचा शब्द काढून तिथे ढोलाचा एक ठोका टाकला. शिवी ॲपवर राहते, स्टेजवर क्लीन. आता एकच: कोणी वीस सेकंद कापून व्हायरल केलं तर?

---

सीबीएस_समोर:

मूळ फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आजच काढून ठेवा, एसएचए-२५६ पद्धतीचा पुरे. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो भरावा लागतो. लिहिण्याची वही, प्रोजेक्ट फाइल, अंतिम वेव्ह (ऑडिओ फाइल) आणि अपलोडची नोंद एका हार्ड डिस्कवर, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी. डिस्क जप्त झाली तर पंचनाम्यात तिचा सिरीयल नंबर आणि हॅश लिहिल्याशिवाय सही करू नका. कापलेली क्लिप दिसली की तिची लिंक, वेळ आणि स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

आणि 'घरोघरी' चांगलं आहे. फक्त हुकमध्ये तुमचा ॲडलिबवाला मागून प्रभागाचा आकडा ओरडतोय का, ते हेडफोन लावून एकदा तपासा.