मदत हवी आहे: तरंगमबाडीच्या लुथरन मंडळीचा इतिहास

नमस्कार मंडळी. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या (जुनं ट्रांकेबार) लुथरन मंडळीवर, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजावर, लेख लिहितोय. डॅनिश राजाने पाठवलेले जर्मन मिशनरी झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ ९ जुलै १७०६ रोजी तिथे उतरले, १७०७ मध्ये पहिलं चर्च उभं राहिलं, १७१८ मध्ये न्यू जेरुसलेम चर्च. पुढच्याच वर्षी झिगेनबाल्ग वारला, त्याला तिथेच पुरलं. दर्शनी भिंतीवर डॅनिश राजाची मुद्रा अजून आहे. इथवर सगळं सापडतं.

अडलंय ते माणसांपाशी. मिशनरींबद्दल ढीगभर मजकूर मिळतो, पण बाकावर बसणारे कोण होते? १७३३ मध्ये आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळकाची दीक्षा मिळाली, एवढंच हाती लागलंय. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या जुन्या नोंदवह्या कुणी प्रत्यक्ष पाहिल्यात का? जर्मनीत हाले इथे या मिशनच्या कागदांचा संग्रह आहे, त्यातली जुन्या वळणाची जर्मन हस्ताक्षरं वाचणारं कुणी ओळखीचं आहे का? (मला छापील जर्मनही जेमतेम येतं!)

आणि तंजावरकर मराठी मंडळींना खास विचारणा: याच मिशनचा श्वार्ट्झ तंजावरच्या सरफोजीराजांचा गुरू. त्याचा उल्लेख असलेले मोडी कागद कुणाच्या वाचनात आलेत का?