विषय: चकलीचं तेल (शनिवारच्या आत ठरवा!)

प्रेषक: फराळ समिती
मंडळी, भाजणी दळून झाली, सोरेही जमले. अडलंय ते तेलावर. गणपतीतला शेंगदाणा तेलाचा ३५ पौंडांचा सीलबंद डबा नानांच्या गराजमध्ये पडून आहे. तो काढायचा की नवीन आणायचं? शाळेच्या हॉलच्या फॉर्मवर यंदा ‘शेंगदाणा आणि सुकामेवा नको’ अशी नवी ओळ आलीय म्हणून विचारतेय. कृपया फक्त तेलाबद्दल लिहा. मेन्यू ठरलेला आहे.

प्रेषक: नाना
डबा रिफाइन्डचा आहे, लेबल वाचलंय. इथे अमेरिकेत २००४ च्या ॲलर्जी लेबल कायद्यातून खूप शुद्ध केलेल्या तेलाला सूट आहे. ॲलर्जी येते ती शेंगदाण्यातल्या प्रथिनांची, आणि रिफाइन करताना ती जवळजवळ सगळी निघून जातात. थँक्सगिव्हिंगला टर्की तळायला लोक हेच डबे नेतात. ४५० फॅरनहाइटपर्यंत धूर धरत नाही, चकलीला ३५० पुरे. चांगलं तेल असताना नवीन का आणायचं ते मला कळलेलं नाही.

प्रेषक: माई
धुराचं कळलं हो नाना, पण रिफाइन्डला वास कुठे असतो? आमच्याकडे सोलापूरला घाण्यावरून तेल यायचं. कढई चढली की शेजारच्यांना कळायचं आज काय चाललंय. माझ्याकडे लाकडी घाण्याच्या दोन बाटल्या आहेत. तळायला नको, महाग पडतं, पण मोहनाला घाला. मोहन बेताचंच हं, गेल्या खेपेला जास्त झालं आणि चकल्या कढईत विरघळल्या. कोणी घातलं होतं ते सांगत नाही.

प्रेषक: बालविभाग
माई, घाण्याचं तर मुळीच नको! ती सूट फक्त रिफाइन्डला आहे, घाण्याच्या तेलात प्रथिनं राहतात. आणि नाना, कायद्यात सूट असली तरी शाळेच्या फॉर्मवर कुठे आहे? इंग्लंडमध्ये माझ्या नणंदेकडे रिफाइन्ड असलं तरी शेंगदाणा लिहावाच लागतो. बालविभागातल्या दोन मुलांकडे ॲलर्जीचं इंजेक्शन पेन असतं. त्यांच्या आयांना मी कायद्याचं कलम वाचून दाखवणार नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष
मोहनाबद्दल: मी घातलं होतं. माप समितीनेच दिलं होतं.

प्रेषक: अप्पा
करडई घ्या. आम्ही परभणीचे, घरात दुसरं तेल नव्हतंच. फक्त इथल्या बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं बघून घ्या. तेलात ओलेइक आणि लिनोलेइक अशी दोन आम्लं असतात; गावाकडच्या करडईत लिनोलेइक जास्त, ते लवकर खवट होतं. फराळ दोन आठवडे टिकवायचा तर ओलेइकवालंच बरं. कॅनोला आणू नका, दुसऱ्यांदा तापवलं की मासळीचा वास मारतो.

प्रेषक: माई
मासळीचा वास आम्हाला चालतो, पण चकलीला नको.

प्रेषक: ढोलताशा पथक
तेलाचं चालू द्या. हॉलची किल्ली कोणाकडे आहे? शुक्रवारी सराव आहे.

प्रेषक: बालविभाग
एक विचारू का? सगळे तेलावर भांडताय, पण चिवड्यात शेंगदाणे आहेत. काजूही. आणि चकलीत तीळ, तेही २०२३ पासून इथल्या ॲलर्जीच्या पदार्थांच्या यादीत नववे आहेत.

प्रेषक: फराळ समिती
मेन्यू ठरलेला आहे असं मी वर लिहिलं होतं.
(तिळाबद्दल फॉर्मवर काही नाही, मी आत्ता परत पाहिला. चकलीच्या पिशवीवर ‘तीळ आहेत’ अशी चिठ्ठी लावू. चिवड्याचं बघते.)

प्रेषक: नाना
चिवड्यातले शेंगदाणे काढले तर उरलं काय? पोहे?

प्रेषक: माई
डाळं आणि खोबऱ्याचे काप भरपूर घाला. कढीपत्ता नीट कुरकुरीत तळा, ओला राहिला तर दोन दिवसांत चिवडा सादळतो.

प्रेषक: माजी अध्यक्ष
खोबरं चालेल का? मागे इथे नारळही सुकामेव्यात धरत.

प्रेषक: बालविभाग
२०२५ च्या जानेवारीत अन्न खात्याने नारळ त्या यादीतून काढला. तरी शाळेला उद्या फोन करून विचारते.

प्रेषक: खजिनदार
तेल खरेदी समितीने परस्पर करायची नाही, हे वार्षिक सभेत ठरलंय. पावती माझ्याकडे आधी.

प्रेषक: फराळ समिती
शाळा खोबऱ्याला हो म्हणाली. म्हणून: चकली आणि चिवडा दोन्ही हाय ओलेइक सूर्यफूल तेलात, कारण करडई इथल्या दुकानात एकेक बाटलीच मिळते आणि आपल्याला कढईभर हवंय. शेंगदाणे, काजू बाद. तळण माझ्या घरी, शनिवारी सकाळी ८ ला. कढया आणि झारे पूर्ण घासून आणा, गेल्या वर्षीच्या शेंगदाणा तेलाचा थर नको. माई, बाटल्या घरीच ठेवा, प्लीज. खजिनदार, तेल तुम्हीच आणा.

प्रेषक: नाना
मग डब्याचं काय? मला गाडी आत घ्यायचीय.

प्रेषक: ढोलताशा पथक
आम्ही नेतो. पथकाच्या सरावाला वडापाव करू. किल्लीचं कोणी सांगेल का?