साखरांब्याचा कीस: वाटीने घ्यायचा की काट्यावर?

ए-१०४: साखरांबा करून आठ दिवस झाले नाहीत तर बरणीत साखरेचे खडे धरलेत. 😔 प्रमाण याच ग्रुपवरचं घेतलं होतं, १ वाटी कीस आणि दीड वाटी साखर. बी-२०३ च्या काकूंचा याच प्रमाणाने वर्षभर मऊ राहतो. माझं कुठे चुकलं?

बी-२०३ (काकू): अगं, कीस कसा भरलास? मी वाटी चांगली दाबून भरते.

ए-१०४: किसणीवरून पडला तसाच, अलगद भरला काकू.

सी-५०१: ताई, घोळ तिथेच आहे. मी गेल्या मे महिन्यात काट्यावर मोजून वहीत लिहून ठेवलंय. आमची वाटी १८० मिलीची. मोकळा कीस ९० ग्रॅम भरला, दाबून १४०. साखर मात्र दर वेळी दीडशेच्या आसपास. म्हणजे दीड वाटी साखर झाली सव्वादोनशे ग्रॅम. काकूंच्या वाटीने ती किसाच्या दीडपटीहून थोडी वर जाते, तुमच्या वाटीने थेट अडीचपट! कैरीच्या आंबटपणामुळे पाकातली साखर फुटते आणि परत दाणा धरत नाही. तुमच्याकडे साखरेच्या मानाने कैरीच कमी पडली.

फळ तेच, वाटीतली पोकळी बदलते. म्हणून रसाला वाटी चालते, किसाला आणि फोडींना काटाच हवा. अमेरिकन रेसिपीतला २४० मिलीचा कप घ्या. त्यात पिकलेल्या आंब्याच्या फोडी १६५ ग्रॅम बसतात, गर मात्र २५० च्या जवळपास. स्ट्रॉबेरी अख्खी १४४, चकत्या १६६, मिक्सरमधून काढली की २३२. नुसतं ‘१ कप स्ट्रॉबेरी’ लिहिलं तर माणसाने काय समजायचं?

ए-३०२: आमची लेक मेलबर्नला आहे, तिकडचा कप २५० मिलीचा. तिने अमेरिकन व्हिडिओ बघून जॅम केला होता, तेव्हा हीच भानगड.

सी-५०१: सगळं एकाच कपाने घेतलं तर प्रमाण बिघडत नाही. फळ अख्खं की चिरलेलं, खरा फरक तिथे पडतो.

बी-२०३ (काकू): आमच्या आईकडे कुठला आलाय काटा! तिची वाटी ठरलेली, हात ठरलेला. चाळीस वर्षं तिचा साखरांबा बिघडला नाही.

सी-५०१: अगदी खरं काकू. हात एकच असेल तर वाटीसारखं माप नाही. पण ते प्रमाण दुसऱ्याला सांगताना ‘दाबून’ हा शब्द सांगायलाच हवा.

डी-२०२: काटा नसेल तर?

सी-५०१: मिलीच्या खुणा असलेल्या मापाच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या. कैरी सोलून, बाठ काढून, मोठ्या फोडी त्यात पूर्ण बुडवा. पाणी ७५० वर आलं तर फोडी साधारण पाव किलो, कारण कैरी पाण्याएवढीच जड. अंदाज पुरेसा येतो.

बी-२०३ (काकू): पण फोडी कोरड्या पुसूनच किसा हो. पाणी राहिलं तर पाक व्हायला फार वेळ लागतो.

ए-१०४: आणि या बरणीचं काय करू?

बी-२०३ (काकू): टाकू नकोस गं. एक राजापुरी किसून अगदी थोड्या पाण्यात मऊ शिजव, त्यात सगळा साखरांबा घाल. मंद आचेवर खडे विरघळले की एकतारी पाक बघून उतरव. वेलची शेवटी.

ए-१०४: घरात तोतापुरी आहे. चालेल?

बी-२०३ (काकू): तिला आंबटपणा कमी. माझ्याकडे दोन राजापुरी आहेत, घेऊन जा.

सी-५०१: काटाही घेऊन जा ताई. ११ नंतर मी घरीच आहे.