‘अ‍ॅट रिस्क’ नातेवाइकांना मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘धोक्यातील नातेवाईक’ लिहिलं, तर यांच्यामागे कुणी लागलंय की काय असं वाटतं. ‘जोखीमग्रस्त’ कसं वाटतं? शिवाय साखर नॉर्मल असूनही रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडीज सापडतात, त्या अवस्थेला ‘मधुमेहपूर्व’ म्हणू का?

कोपऱ्यातला: ‘ग्रस्त’ नको. पूरग्रस्त म्हणजे ज्याचं घर आधीच पाण्यात गेलंय तो. इथे सख्ख्या नातेवाइकांपैकी शंभरात साधारण पाच जणांनाच हा आजार होतो. ‘इतरांपेक्षा जास्त शक्यता असलेले सख्खे नातेवाईक’ लिहा. लांबलं तर लांबलं, दुकानाची पाटी थोडीच रंगवायचीय!

बालरोगवाले: ‘मधुमेहपूर्व’ तर मुळीच नको. तो शब्द टाइप २ च्या आधीच्या चढत्या साखरेने कधीच बळकावलाय. इथे क्रम उलटा आहे: आधी प्रतिकारयंत्रणा बिघडते, साखर फार नंतर. तपासतात त्या अँटीबॉडीज चार: इन्शुलिन, गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या प्रथिनांविरुद्धच्या. एकच सापडली तर पुढे काही न होणारेही बरेच असतात. पण दोन किंवा जास्त सापडलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून २०१५ पासून दोन अँटीबॉडीज आणि नॉर्मल साखर याला आजाराचा पहिला टप्पाच मानतात. साखर बिघडू लागली की दुसरा, तहान-लघवी-वजन घटणं हा तिसरा. पहिल्या टप्प्यातल्या मुलाला ‘शक्यता असलेला’ म्हणणंही तोकडं पडतं.

गुळवेल: मग ‘पूर्वरूप’? आयुर्वेदातला तयार शब्द आहे.

बालरोगवाले: मोह होतो खरा. पण पूर्वरूपात चिन्हं दिसतात. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपात तोंड गोड लागणं, हातापायांची आग, लघवीला मुंग्या लागणं असं दिलंय. पहिल्या टप्प्यातलं पोर मैदानावर हुंदडत असतं, त्याला काहीच होत नसतं. ‘लक्षणपूर्व टप्पा’ म्हणा.

शाईपेन: पटलं. अँटीबॉडीला प्रतिपिंड की प्रतिद्रव्य?

कोपऱ्यातला: कोविडमध्ये पेपरांनी ‘प्रतिपिंडे’ रुळवलं. पण तुमच्या पत्रकात स्वादुपिंडही येणार, वाचणारा दोन पिंडांत गोंधळेल. सरळ ‘अँटीबॉडीज’ ठेवा, लॅबच्या रिपोर्टवर तेच असतं. आणि ‘अँटीबॉडीज बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या) मारतात’ असं लिहू नका. त्या फक्त खूण. मारेकरी मुख्यतः प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषधही टी पेशींनाच आवरतं. दुसऱ्या टप्प्यातल्या नातेवाइकांवरच्या चाचणीत त्याने आजार सरासरी दोनेक वर्षं लांबवला.

गुळवेल: ‘प्रतिकारशक्ती बिघडते’ वाचून आजी काढा उकळायला घेईल, तेवढं बघा. (नाव बघून हसू नका.)

बालरोगवाले: अगदी! शक्ती कमी झालेली नसते, ती उलटलेली असते. ‘उलटणे’ हेच क्रियापद वापरा.

शाईपेन: मग असं: ‘प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटल्याची खूण सख्ख्या भावंडांच्या रक्तात लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी मिळते.’

कोपऱ्यातला: ‘मिळते’ऐवजी ‘मिळू शकते’. सगळ्याच भावंडांत नाही ना मिळत.