फोनचा आवाज ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून येतो, जोडी न तोडता कसा थांबवायचा?

केळीबाग_सावदा

नमस्कार मंडळी. सावद्याला आमचं केळी खरेदीचं छोटं ऑफिस आहे. टेबलावर विंडोज ११ चा कॉम्प्युटर, त्याला दोन मोठे स्पीकर, आणि समोरच्या बाकावर दिवसभर शेतकरी, ड्रायव्हर, कापणीचे मुकादम बसलेले असतात. माझा अँड्रॉइड फोन या कॉम्प्युटरला ब्लूटूथने जोडून ठेवलाय. कारण लाइन गेली की ब्रॉडबँड बंद पडतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतो, पण नेट फोनवरूनच घ्यावं लागतं. बँकेचं काम, बिलांचे मेल सगळं त्यावर होतं.

अडचण अशी की मी बागेतून ऑफिसात पाऊल टाकलं की फोन आपोआप जोडला जातो आणि आवाज तिकडे पळतो. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याचा व्हॉट्सअॅपवर आवाजी मेसेज आला, मी फोन कानाला लावतो, आणि भाव स्पीकरमधून सगळ्या ऑफिसला ऐकू येतो. परवा एका शेतकऱ्याचा फोन आला. घरात आजारपण आहे, पैसे जरा लवकर मिळतील का, असं विचारत होता. बाकावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. तो माणूस मला काही बोलला नाही, पण मला फार लागलं. भाव फुटला तर एकवेळ चालेल, कोणाच्या घरची अडचण अशी चारचौघांत जायला नको.

मुलगा ब्लूटूथ बंद करून देतो, संध्याकाळपर्यंत परत तेच. जोडी काढून टाकली तर नेट जातं. दुरुस्तीवाला म्हणतो, विंडोज नव्याने टाकावं लागेल. खरंच लागेल का? कोणी हे निस्तरलं असेल तर सांगा.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, विंडोजला हात लावू देऊ नका. आधी एवढं सांगा: आवाजी मेसेज आणि साधे कॉल, दोन्ही जातात का? कॉम्प्युटरवर फोन लिंक, म्हणजे फोनचे मेसेज आणि कॉल कॉम्प्युटरवर आणणारं विंडोजचं अॅप, चालू आहे का? आणि फोनची गाणी कॉम्प्युटरवर वाजवायचं एखादं अॅप कोणी टाकलंय का?

केळीबाग_सावदा

दोन्ही जातात. फोन लिंक आहे, मेसेज स्क्रीनवर दिसावेत म्हणून मुलीने लावून दिलं. अॅपची यादी आत्ताच पाहिली, त्यात ‘ब्लूटूथ ऑडिओ रिसीव्हर’ सापडलं. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या ऑफिसात बसायचा, तेव्हा गाणी लावायला त्याने टाकलं म्हणे.

भुसावळ_जंक्शन

मग सगळं उलगडलं. दोन वेगळी कारणं एकाच वेळी चालू आहेत, म्हणून एक उपाय केला की दुसरीकडून आवाज येतो.

जोडी एकच असली तरी तिच्यावरून वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी असते. गाणी, व्हिडिओ, आवाजी मेसेज ज्या मार्गाने जातात तो एटूडीपी. कॉलचा मार्ग एचएफपी. नेटचा तिसराच, त्याला पॅन म्हणतात. विहीर एक, पाइपलाइनी तीन, आणि प्रत्येकीचा व्हॉल्व्ह वेगळा. तुम्हाला नेटचा उघडा ठेवून बाकीचे दोन बंद करायचेत. मुलगा ब्लूटूथ बंद करतो तेव्हा फक्त त्या वेळची जोडणी तुटते. फोन आणि कॉम्प्युटर दोघांकडे एकमेकांची ओळख साठवलेली राहते, त्यामुळे ब्लूटूथ चालू होऊन दोघं टप्प्यात आले की पुन्हा जोडले जातात. हा टप्पा साधारण १० मीटर धरतात, पण मोकळ्या जागेत त्याहून लांबही जातो. म्हणून अंगणात उभं राहून बोललात तरी आवाज आत जाऊ शकतो.

फोनपासून सुरुवात करा. सेटिंग्ज, मग कनेक्टेड डिव्हाइसेस, आणि तिथे कॉम्प्युटरच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. ‘फोन कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी बटणं दिसतील. काही कंपन्यांच्या फोनवर नुसतं ‘कॉल्स’ आणि ‘ऑडिओ’ लिहिलेलं असतं. दोन्ही बंद करा. फोन हे त्या एका कॉम्प्युटरपुरतं लक्षात ठेवतो, गाडीच्या म्युझिक सिस्टिमला किंवा तुमच्या इअरफोनला काही होत नाही. नेटचं बटण वेगळ्या ठिकाणी असतं, हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये ‘ब्लूटूथ टेदरिंग’. ते आहे तसंच राहू द्या.

आता कॉम्प्युटर. ते रिसीव्हर अॅप काढून टाका. फोनसाठी स्पीकर व्हायची सोय विंडोज ७ मध्ये होती, विंडोज ८ मध्ये गेली, आणि मे २०२० च्या विंडोज १० अपडेटमध्ये परत आली. पण ती उघडायला असं एखादं अॅप लागतं. अॅप गेलं की आवाजी मेसेजची वाट बंद. मग फोन लिंक उघडून सेटिंग्ज, फीचर्स, आणि तिथे कॉल्सचं बटण बंद करा. मुलीने लावलेले मेसेज स्क्रीनवर दिसत राहतील, ते वेगळं बटण आहे.

एवढ्यावर भागलं नाही तरच पुढचं करा. सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या डिव्हाइसेस पानावर खाली ‘मोर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’ आहे. जुनी खिडकी उघडेल. तुमच्या फोनच्या चित्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस. यादी यायला थोडा वेळ लागतो, घाई करून खिडकी बंद करू नका. त्यात ऑडिओ आणि हँड्सफ्रीच्या (म्हणजे कॉलच्या) खुणा काढा, नेटवर्कची खूण राहू द्या, मग अप्लाय.

तोवर कॉल आलाच तर कॉलच्या स्क्रीनवर स्पीकरचं बटण दाबा, तिथे कॉम्प्युटरच्या नावाऐवजी ‘फोन’ निवडता येतं. लगेच आवाज हातात येतो.

पांझराकाठ

भाऊ, आमनाकडे बी असंच व्हये. मी सर्व्हिसेस डॉट एमएससी (विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या सर्व्हिसेसची यादी) उघडून ‘ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस’ बंद केली होती. यूट्यूबवर बरेच जण हेच सांगतात. करून बघा.

भुसावळ_जंक्शन

दादा, हे नको. ती सर्व्हिस उलट्या बाजूची आहे. कॉम्प्युटरला ब्लूटूथ हेडसेट लावून बोलायचं असतं तेव्हा ती लागते. बंद केली तर उद्या मीटिंगमध्ये हेडसेटचा माइक चालणार नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येणार नाही. तुमच्या घरी कोणी हेडसेट वापरत असेल तर ती परत चालू करून ठेवा.

पांझराकाठ

बरं झालं सांगितलं. भाचीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, आजच चालू करतो.

केळीबाग_सावदा

भुसावळवाले भाऊ, तुमचे फार उपकार. फोनची दोन्ही बटणं बंद केली, अॅप काढलं, फोन लिंकचे कॉल बंद केले. आवाजी मेसेज आता फोनमध्येच वाजतो. लाइन गेली तेव्हा नेटही नीट चाललं. साधे कॉलही फोनवरच येतात. फक्त व्हॉट्सअॅपचा कॉल आला की कॉम्प्युटर अजून खणखणतो. ती जुनी खिडकी उघडायची का?

भुसावळ_जंक्शन

नको, त्याचा ब्लूटूथशी संबंध नाही. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅपचं अॅप असणार. ते तुमच्या खात्याला नेटवरून जोडलेलं असतं, म्हणून रिंग दोन्हीकडे वाजते. तिथे उचललात तरच बोलणं स्पीकरवर जाईल. अॅपच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून कॉलची सूचना बंद करा.

अमळनेर_लॅब

लिनक्सवाल्यांसाठी एक भर घालतो. उबंटूत, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात, हे जास्त होतं, कारण तिथे कॉम्प्युटर वेगळं अॅप न लागता फोनचा स्पीकर व्हायला तयार असतो. आमच्या लॅबमध्ये मुलांचे फोन जोडले की त्यांची गाणी मशीनवर वाजायची. वायरप्लंबर हा तिथला आवाजाची वाट ठरवणारा प्रोग्राम, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ब्लूटूथच्या भूमिकांची यादी असते. तिच्यातून एटूडीपी सिंक आणि एचएफपी एचएफ या दोन, म्हणजे कॉम्प्युटरने फोनचा स्पीकर व्हायच्या भूमिका, काढा. एटूडीपी सोर्स आणि एचएफपी एजी ठेवा, म्हणजे हेडफोन चालतात. मग लॉगआउट करून परत लॉगिन.

नंदुरबार_स्टेशन

आयफोनवर अशी बटणं सापडत नाहीत. माझा कॉल घरच्या मॅकवर वाजतो, ब्लूटूथ बंद असलं तरी.

भुसावळ_जंक्शन

तेही ब्लूटूथचं काम नाही. फोन आणि मॅक एकाच अॅपल खात्यावर असले की असं होतं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोन उघडा (नव्या आयओएसमध्ये तो ‘अॅप्स’च्या आत असतो), त्यात ‘कॉल्स ऑन अदर डिव्हाइसेस’ आहे, तिथे मॅकचं नाव बंद करा. आणि उचललेला कॉल ब्लूटूथवर जात असेल तर अॅक्सेसिबिलिटी, टच, ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ बघा. तुमच्याकडे एकेका कामाचं बटण नसल्याने मॅकशी ब्लूटूथची जोडी लागत नसेल तर सरळ काढून टाकलेली बरी. दोन्हीकडून काढा, एकीकडून काढली तर दुसरा जोडायचा प्रयत्न करत राहतो.

चोपड्याची_शिक्षिका

माझं थोडं वेगळं आहे, पण इथेच विचारते. लॅपटॉपवर ऑनलाइन तास घेते, कानात ब्लूटूथ इअरबड्स. मध्येच फोनवर कॉल आला की बड्स फोनकडे जातात आणि मुलांचा आवाज बंद. शिवाय माइक चालू केला की सगळ्यांचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा बारीक येतो. बड्स खराब झालेत का?

भुसावळ_जंक्शन

नाही ताई, बड्स चांगले आहेत. ते एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले राहतात आणि कॉलला पहिला मान देतात. बड्सच्या अॅपमध्ये दोन जोडण्यांचं बटण असेल तर ते बंद करा. नसेल तर वर सावद्याच्या भाऊंना सांगितलं तसं फोनमध्ये बड्सच्या नावापुढचं ‘फोन कॉल्स’ बंद करा, तास संपला की चालू.

बारीक आवाजाचं कारण असं की बड्सचा माइक सुरू झाला की जोडणी गाण्याच्या मार्गावरून कॉलच्या मार्गावर जाते, आणि त्या मार्गावर आवाजाचा दर्जा कमीच असतो. झूम असो की मीट, सेटिंग्जमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून बड्स ठेवा.

चोपड्याची_शिक्षिका

आत्ता बहिणीबरोबर करून पाहिलं, आवाज एकदम मोकळा झाला. पण पंख्याचा आवाज तिकडे जातोय म्हणाली.

भुसावळ_जंक्शन

हो, लॅपटॉपचा माइक खोलीतलं सगळं उचलतो. वायरचा साधा इअरफोन लावा, त्याचा माइक तोंडाजवळ राहतो आणि तासाच्या वेळी ब्लूटूथ लागतच नाही.

आणि सावदेकर भाऊ, फोन बदललात किंवा जोडी काढून परत केलीत तर ती दोन्ही बटणं पुन्हा चालू झालेली असतील. पहिल्या दिवशीच बंद करून घ्या, बाकावर कोणी येऊन बसायच्या आत.