मदत हवी आहे: 'रणांगण'नंतर काय वाचू?

नमस्कार मंडळी. गेल्या दोन महिन्यांत हाताला येईल ते वाचलं आणि आता अडकले आहे.

'बनगरवाडी' फार आवडली. शेवटी दुष्काळात माणसं वाडी सोडून जातात, तिथे माडगूळकर एकही शब्द जास्त वापरत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चंही तसंच. नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, एवढं सोसूनही सांगणं मात्र कसं मोकळं, घरातल्या माणसाशी बोलावं तसं! 'कोसला' मात्र याही वेळी अर्ध्यावर सोडली. पांडुरंगची घुसमट कळते, पण पन्नासेक पानांनंतर मला थकवा येतो. चिकाटीने पुढे गेलेल्यांनी सांगा, पुढे पकड येते का?

आणि मग 'रणांगण'. 1939 सालची, विश्राम बेडेकरांची एवढीशी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. सगळी गोष्ट त्या थोड्या दिवसांच्या प्रवासातली. संपल्यावर मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. त्यानंतर दोन पुस्तकं उघडली, दोन्ही फिकी वाटली.

तर असं काही सुचवा: छोटं, शे-दीडशे पानांचं, थोडक्या काळात घडणारं, शेवट गोड नसला तरी चालेल. अनुवादही चालतील, फक्त भाषा मराठी वाटली पाहिजे. शिवाय 'स्मृतिचित्रे'सारखी स्त्रियांची आत्मकथनं कोणती वाचलीत? नुसती नावं नकोत, तुम्हाला त्यात काय भिडलं तेही दोन ओळींत लिहा. त्यावरूनच मी ठरवेन.